कारभारणीच्या पापण्या

कसबा बावड्यात उसाला तुरे फुटले की माणसं एकमेकांना शिंकेवरून ओळखतात. गेल्या दिवाळीत तर तुऱ्यांचा भुगा आणि गाजरगवताचं पीठ हवेत एवढं दाटलं होतं, की आमच्या गल्लीतले गणपतराव शिंकले तेव्हा समोरच्या घरावरची दोन कौलं सरकली. मी खाली उभा होतो म्हणून सांगतो.

याच गणपतरावांची सून तेजस्वी. तिनं श्रावणात पार्लर काढलं होतं. बायकांच्या पापण्यांना एकेक केस चिकटवून त्या लांबसडक करून द्यायची. लॅश एक्स्टेन्शन म्हणतात त्याला. दसऱ्यापर्यंत बरं चाललं. मग तुरे फुटले, डोळे खाजायला लागले, बायकांनी ते खसाखसा चोळले आणि चिकटवलेले केस भाजीत, पिठात, एकीच्या तर नवऱ्याच्या चहात सापडले. ग्लू भेसळीचा आहे, असं गल्लीनं ठरवून टाकलं. डोळे चोळू नका, तेलाचा हात लावू नका, गार पाण्याच्या घड्या ठेवा, डॉक्टरला विचारून थेंब घाला, असं तेजस्वी घसा कोरडा करून सांगायची. ऐकतंय कोण? शेवटी तिनं नवऱ्याला, कृष्णातला, सांगितलं की पाडव्यानंतरही गिऱ्हाईक आलं नाही तर पार्लरला कुलूप.

त्यांच्या गोठ्यात कारभारीण नावाची म्हैस होती. पाडव्याला आमच्याकडं म्हशी सजवून मिरवतात, मालकाच्या फटफटीमागं पळवतात, सारं बावडं बघायला असतं. तेजस्वीनं कारभारणीलाच धरलं. एकेका डोळ्याला साडेचारशे केस. म्हशीच्या डोळ्यावर टिकलं, तर बायकांना बोलायला जागा राहणार नव्हती.

पण कारभारणीचेही डोळे खाजत होते, आणि खांब दिसला की ती डोळा घासायला निघायची. म्हणून कृष्णातला तिच्या तोंडापुढं बसवलं. दर दोन तासांनी गार पाण्याची घडी, मग मऊ ब्रशनं पापण्या विंचरायच्या. पंचगंगेत डुंबायला न्यायची ती मानेइतक्याच पाण्यात, वर छत्री धरून. गणपतराव शिंगांना तेल चोळायला आले, तर सुनेनं हातातली वाटी काढून घेतली.

"मामा, तेल वघळून डोळ्यात गेलं की ग्लू सुटला. मग मी कुलूप लावून कबनूरला माहेरी जाते."

पाडव्याला शिंगं कोरडी, हे घराण्यात पहिल्यांदाच घडत होतं. म्हाताऱ्यानं नुसता रंग दिला, तोही रागानं म्हशीकडं पाठ करून. कसा दिला, ते विचारू नका. एक रेघ वाकडी नव्हती.

पाडव्याला कारभारीण फटफटीमागं सुटली. धुरळा, तुरे, फटाक्यांचा धूर. तिची पापणी हलली की असा वारा सुटायचा, की पहिल्या रांगेतले तीन फेटे उडाले. बायकांनी जवळ जाऊन केस ओढून बघितले. एकसुद्धा निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी पार्लरपुढं रांग लागली. अकरा म्हशी आणि त्यांचे मालक. बाई एकही नाही. तेजस्वी पायरीवरच बसली. सगळ्यात पुढं पलीकडच्या गल्लीतला विजयसिंह होता. त्यानं पापण्या टिकवायची रीत विचारली, तिनं सांगितली, आणि दर दोन तासांनी घडी ठेवायला तो आनंदानं कबूल झाला. डबा विसरला म्हणून मागोमाग आलेली त्याची बायको कालिंदी हे ऐकत होती. तिचे डोळे टोमॅटोसारखे लाल.

"म्हशीचं डोळं दोन-दोन तासाला पुसणार व्हय? माझं महिनाभर खाजत्यात. कवा एक फडकं तरी भिजवून दिलंसा?"

विजयसिंहानं म्हशीकडं बघितलं. म्हशीनं मान फिरवली.

तेजस्वी उठली. दावं त्याच्या हातातून घेऊन खांबाला बांधलं, कालिंदीला खुर्चीत बसवलं आणि गार पाण्याचं भांडं विजयसिंहाच्या हातात दिलं. उरलेल्या दहा मालकांच्या बायकांपर्यंत बातमी पोचायला चहा उकळण्याइतकाही वेळ लागला नाही. तेव्हापासून तिच्याकडं नियमच आहे: पापण्या बायकोच्या, ब्रश नवऱ्याच्या ताब्यात.

आता तुऱ्याच्या दिवसांत सकाळी डेअरीला दूध घालून आलेले बाप्ये ओलं फडकं घेऊन बायकोपुढं बसतात, आणि म्हशी गोठ्यातून मान लांब करून बघत राहतात.