दुसऱ्या पट्टीवरचा आवाज

ओरेस्टचं बोलणं ऐकून माणूस उठून जातो, हे मला एका अनोळखी गड्यानं चारशे लोकांसमोर सांगितलं आणि मी मान डोलावली. एक शब्द उलट बोललो नाही. म्हणून सुरुवात तिथूनच करतो, नाहीतर मी स्वतःला अलगद सोडून देईन. तशी सवय आहे मला.

मी गार्नेट लोवेन. कॅनडातल्या ब्रँडनमध्ये टायरच्या दुकानात कामाला आहे. ओरेस्ट न्याट्युक माझा शाळेपासूनचा दोस्त. तो इथून उत्तरेला अडीच तासांवर राहायचा, अकरा घरं उरलेल्या एका वस्तीत. तिथल्या धान्याच्या कोठारात त्यानं एकोणीस वर्षं काम केलं आणि गव्हाच्या धुळीनं त्याची फुफ्फुसं खाल्ली. चाळिशीतच नाकाला प्राणवायूची नळी लागली. बायको त्याआधीच मुलीला घेऊन कॅल्गरीला निघून गेली होती. मुलीचं नाव कलिना.

दर शनिवारी सकाळी नाश्ता झाला की आम्ही आपापल्या घरून, कानाला हेडफोन लावून, एक खेळ खेळायचो. बर्फाळ जंगलात दोघांनी झोपडी बांधायची, लाकडं फोडायची, लांडग्यांपासून जीव वाचवायचा. बाहेर उणे तीस, आणि आम्ही घरात बसून खोट्या थंडीत लाकडं फोडतोय. माझ्या आईनं बघितलं असतं तर खरी कुऱ्हाड हातात देऊन अंगणात हाकललं असतं.

चॅनल काढायची हौस माझी. नाव ठेवलं 'दोन म्हातारे, एक कुऱ्हाड'. ओरेस्टनं आधी आढेवेढे घेतले, मग एका अटीवर तयार झाला.

"मी बोलत जाईन, तू ते नीट ठेव. कलिना मोठी झाली की ऐकेल. माझे फोटो आहेत तिच्याकडे. आवाज कुठाय?"

"फोन करतोस की तिला दर रविवारी."

"फोनवर ती नुसती हूं हूं करते, आणि मला धाप लागते. दोघंही अवघडतो रे. इथं लाकडं फोडताना बोललो की श्वासाचं लक्षातच राहत नाही."

ते खरं होतं. खेळात तो बोलायला लागला की थांबायचा नाही. वस्तीतल्या कुणाची गाय कुणाच्या गाडीत जाऊन बसली, आजीनं पाद्र्याला कसं गप्प केलं, असलं काहीबाही. संथ बोलायचा. मध्येच थांबून श्वास घ्यायचा, मग नळीची फुसफुस ऐकू यायची. चेष्टाही करायचा. "गार्नेट, लेका, तू टायर बदलतोस त्याच हातानं घर बांधतोस का? दार चौकोनी असतं!"

स्वतः मात्र तो आमचा एकही व्हिडिओ बघायचा नाही. त्या वस्तीत इंटरनेट मोजून मिळायचं. खेळायला आणि बोलायला थोडंच लागे, पण व्हिडिओ बघितला की महिन्याचा कोटा आठवड्यात संपायचा. "तू बघतोस ना? मग झालं," म्हणायचा.

एक्केचाळीस व्हिडिओ टाकले. सबस्क्रायबर त्रेसष्ट. त्यातले निम्मे आमच्या दुकानातले, आणि तेही मी मागे लागलो म्हणून. मला ते झोंबायला लागलं. दिवसभर दुसऱ्याच्या गाडीखाली वाकायचं आणि घरी येऊन बघायचं तर आकडा तिथंच. आपलं काहीतरी चार लोकांनी बघावं, एवढीच इच्छा होती. ती वाईट नव्हती, असं मी अजून म्हणतो.

आमच्यासारख्या छोट्या चॅनलवाल्यांत एक रीत आहे. मोठ्या चॅनलच्या माणसाकडे आपलं चॅनल तपासायला द्यायचं. असा एक जण होता, स्वतःला डॉक्टर ब्लास्ट म्हणवणारा. दर रविवारी दुपारी तो आपल्या प्रेक्षकांसमोर एकेक छोटं चॅनल उघडायचा आणि त्याची चिरफाड करायचा. नाव नोंदवून रांगेत थांबायचं. मी पाच रविवार थांबलो.

माझा नंबर लागला तेव्हा त्यानं आमचा व्हिडिओ चाळीस सेकंद बघितला. ओरेस्ट कुणाच्या तरी लग्नातली गोष्ट सांगत होता.

"थांब, थांब," डॉक्टर म्हणाला. "हा कोण? गाय विकायला आलाय का? अरे, दोन शब्दांच्या मध्ये मी जेवून येईन! आणि हा आवाज कसला, सायकलची हवा जातेय?"

चारशे लोकांनी हसण्याची चित्रं पाठवली.

"भाऊ, तू बरा आहेस," तो मला म्हणाला. "घाबरतोस छान. ओरडतोस छान. पण हा दुसरा म्हणजे तुझ्या गळ्यातली धोंड आहे. काढ त्याला. जुने व्हिडिओही काढ, ते चॅनलला खाली ओढतात. आणि पहिल्या दहा सेकंदांत काहीतरी फुटलं पाहिजे. पुढचा!"

तो प्राणवायूचा आवाज आहे, एवढं तरी मला म्हणता आलं असतं. मी लिहिलं, "थँक यू डॉक्टर."

ओरेस्टला खेळातून काढायचं मनातही आलं नाही, शपथेवर सांगतो. मी मधला मार्ग काढला, आणि तो मला फार हुशारीचा वाटला. रेकॉर्डिंगमध्ये आवाजाच्या वेगवेगळ्या पट्ट्या करता येतात. पहिल्या पट्टीवर मी आणि खेळ, दुसऱ्या पट्टीवर एकटा ओरेस्ट. व्हिडिओला पहिली पट्टी लावायची. दुसरी एका नव्या, मोठ्या डिस्कवर जपून ठेवायची. उलट कलिनाला खेळाचा गोंगाट न होता बापाचा आवाज स्वच्छ मिळेल, असं मी स्वतःला समजावलं. समजवायला फार वेळ लागला नाही.

जुने एक्केचाळीस व्हिडिओ काढून टाकले. त्यांच्या प्रती नव्हत्या. जुनी डिस्क लहान, आणि व्हिडिओ चॅनलवर आहेतच की, म्हणून मी त्या कधी ठेवल्या नव्हत्या. ते व्हिडिओ पुसताना मनात चर्र झालं, पण पुढच्या शनिवारपासून स्वच्छ आवाज जमा होणार होता ना. चॅनलचं नाव बदललं, 'लांडगा गार्नेट'. मुखचित्रावर माझं आ वासलेलं तोंड आणि एक लाल बाण.

ओरेस्टला यातलं काही सांगितलं नाही.

नव्या व्हिडिओंत मी एकटाच बोलायचो. मोकळ्या जागा कापायचो, पण हसणं कापता यायचं नाही. ओरेस्ट काहीतरी बोलायचा, ते प्रेक्षकांना ऐकू येत नसे, आणि मी एकदम खो खो हसत सुटायचो. लोक विचारायला लागले, हा कुणाशी हसतोय? खेळात शेजारी निळ्या टोपीचा एक मुका माणूस लाकडं फोडत असायचा. 'वेडा गार्नेट' म्हणून मी चालायला लागलो. एका व्हिडिओत मी अर्धा मिनिट हसत राहतो आणि मागून लांडगा येऊन मला फाडतो. तो ऐंशी हजार लोकांनी बघितला. सबस्क्रायबर सहा हजार झाले. दुकानात मालकानं माझ्यासाठी केक आणला.

"लोक माझ्याबद्दल काय म्हणतात रे?" ओरेस्टनं एकदा विचारलं.

"विचारतात, हा दुसरा कोण म्हणून."

"अस्सं? मग सांग की त्यांना!" तो खुशीत इतका हसला की खोकल्याची उबळ आली आणि आम्हाला खेळ थांबवावा लागला. मी खोटं बोललो नव्हतो. तेच जास्त वाईट.

तो मार्चमध्ये गेला. पट्ट्या वेगळ्या केल्यापासून सदतीस शनिवार झाले होते.

त्याच्या बहिणीचा, लेस्याचा फोन आला. "परवा सकाळी प्रार्थना आहे, मग चर्चच्या तळघरात जेवण. कलिना येतेय. गार्नेट, त्याचं सगळं बोलणं तुझ्याकडे आहे म्हणायचा. थोडंसं आण, जेवणाच्या वेळी लावू. बाकीचं पोरीला देऊ."

"आणतो," मी म्हणालो.

सदतीस फाइली ओळीनं होत्या. पहिली उघडली. माझा आवाज, खेळाचा आवाज. दुसरी पट्टी शोधली, ती नव्हतीच. दुसरी फाइल उघडली, तिसरी उघडली. मग सेटिंग उघडून बघितलं. पट्ट्या दोन केल्या होत्या. पण कोणत्या पट्ट्या फाइलमध्ये उतरवायच्या, ते वेगळ्या पानावर ठरवायचं असतं. तिथं 'एक'पुढे खूण होती, 'दोन'पुढे नव्हती. इतके महिने मी एकदाही ऐकून बघितलं नव्हतं. ओरेस्टचा आवाज येत नाही, हेच मला हवं होतं, मग शंका कशी येणार? तरी मी सदतीसही फाइली शेवटपर्यंत ऐकल्या. कुठंतरी चुकून एखादा शब्द राहिला असेल म्हणून. सगळीकडे मीच, हसतोय.

तळघरात कोबीच्या पानांचा आणि परतलेल्या कांद्याचा वास भरला होता. कोट टांगायच्या जागी मी लेस्याला गाठलं आणि सगळं सांगून टाकलं. डॉक्टर, पट्ट्या, खूण. तिला त्यातलं निम्मं कळलं नसेल. तिनं फक्त कामाचं विचारलं.

"म्हणजे एकही नाही?"

"एकही नाही."

"तुझं बोलणं आहे?"

"आहे."

"ते बरं केलंस," ती म्हणाली आणि उकडलेल्या करंज्यांसारख्या पेरोगीचं ताट घेऊन निघून गेली. चार शिव्या दिल्या असत्या तर मला उभं राहायला बरं पडलं असतं.

मी सटकणार होतो. तेवढ्यात कलिनाच माझ्यापाशी आली. नऊ वर्षांची, ओरेस्टसारखंच रुंद कपाळ, हातात कागदी ताटली.

"तुम्ही गार्नेटकाका ना? लांडगावाले? मी तुमचे सगळे व्हिडिओ बघितलेत. कॅल्गरीत आमच्याकडे नेट फास्ट आहे."

ती बघत असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ऐंशी हजारांचा हिशेब ठेवला, आणि त्यात ही होती.

"निळ्या टोपीवाले बाबा ना?" तिनं विचारलं. "आईला मी म्हणायचे, बघ, बाबा तिकडेसुद्धा बोलत नाहीत. फोनवर पण नाही, तिकडे पण नाही. मला वाटायचं, मी बघते हे त्यांना माहीत झालं तर ते काहीतरी म्हणतील. म्हणून मी कमेंटमध्ये लिहिलं होतं. हाय बाबा, असं. तुम्ही वाचलं?"

कमेंट तर हजारांनी यायच्या. मी हसणाऱ्यांच्याच वाचायचो.

"कलिना," मी म्हणालो, "तुझा बाबा बोलायचा. सारखा बोलायचा. मी त्याचा आवाज बंद केला होता. लोकांना आवडत नाही म्हणून."

तिनं ताटली खुर्चीवर ठेवली. रडली नाही. मी बापाबद्दल बरं वाटावं म्हणून थाप मारतोय का, हे ती माझ्या चेहऱ्यावर शोधत होती.

"माझ्याबद्दल बोलायचे?"

"तुझ्याबद्दल तर दर शनिवारी."

"काय?"

मला सांगायचं होतं. जीव तोडून सांगायचं होतं. पण तो तिचं नाव काढायचा तेव्हा त्याचा आवाज आणखी संथ व्हायचा, श्वास लांबायचा, आणि मला वाटायचं, आता इथं मला सगळं कापत बसावं लागणार. मग मी ओरडायचो, "ओरेस्ट, लांडगा!" लांडगा नसायचा. तो बिचारा बोलणं अर्धवट टाकून कुऱ्हाड उचलायचा आणि मला वाचवायला धावत यायचा.

"काय म्हणायचे?" कलिनानं पुन्हा विचारलं.

मला एकही वाक्य पूर्ण माहीत नव्हतं.