आदिजीव

या, असे जवळ सरका. बोरी अरबजवळच्या तांड्यातली गोष्ट सांगतो. एका शब्दापायी आईचं काळीज विहिरीत कसं अडकून पडलं, त्याची.

अठ्ठावन्न सालच्या श्रावणात रामीबाईची थोरली रुपी रक्ताच्या आवेनं गेली. पंधरवड्यात धाकटी लालीही त्याच दुखण्यानं पडली. दारव्ह्याहून नर्सबाई विमलताई आल्या. पुस्तकात बोट ठेवून सांगू लागल्या, की विहिरीच्या पाण्यात आदिजीव आहेत. डोळ्यांना दिसत नाहीत, एकाचे दोन होतात. पाणी उकळून प्या. आठ दिवसांनी औषध टाकून त्यांना मारू.

बोरीच्या देवळात कीर्तन असलं की रामीबाई पुढं बसायची. देह पडतो, जीव उरतो, हे तिला पाठ. अन् आदि म्हणजे पहिला. तिची पहिली तर रुपीच.

भरदुपारी ती विहिरीवर जाऊन वाकायची. आत आहेस का गं, म्हणून हळूच विचारायची. तोच प्रश्न खालून बारीक आवाजात परत यायचा. पाणी तिनं उकळलं नाही. पाण्यातल्या रुपीला चटका बसला असता. लालीला तसंच पाजलं, बहिणीजवळ बहीण राहील म्हणून. लालीचे डोळे खोल गेले.

विमलताई भुकटीचा डबा घेऊन आल्या, तर रामीबाई काठावर हात पसरून उभी.

"टाकू नका, बाई. माही रुपी हाय त्यात."

"येडी झाली का वं?" तिचा नवरा धावजी म्हणाला. "तिले त म्याच माती देल्ली."

विमलताईंनी डबा खाली ठेवला. आपल्याच तोंडच्या शब्दानं काय केलं, ते त्यांना उमगलं.

"चुकलं माझं, रामीबाई. कीर्तनातला जीव वेगळा. हा एकाच पेशीचा किडा. सगळ्यात जुन्या घडणीचा, म्हणून पुस्तकवाले आदि म्हणतात."

"तो याडी म्हनते का?" याडी म्हणजे आई.

"नाही. बोलायला तोंडच नाही त्याला. नुसता वाढतो."

रामीबाई पाण्याकडे पाहत राहिली. "मंग यानंच नेली तिले," ती म्हणाली. "अन् मी लालीले हेच पाजून राह्यली."

डबा तिनंच उचलून ओतला. ओतताना ओठ हलत होते. देवाचं नाव होतं की लेकीचं, धावजीला कळलं नाही.

लाली वाचली, दिवाळीला अंगणात खेळली. त्या आठ दिवसांत आईनं काय पाजलं, ते तिला कोणी सांगितलं नाही.

घरी जाऊन देवापुढं हात जोडाल, तेव्हा रुपीची आठवण ठेवा. सहा वर्षांची होती.