तिच्या नावावरची गाडी

सिस्टरने शोरूममधल्या विक्रेत्याला पहिलाच प्रश्न विचारला, "या काचेवर कुणी वीट मारली तर फुटते का?"

विक्रेता पोपटासारखा बोलणारा माणूस, पण तोही पाठ केलेलं सोडून काचेकडे बघू लागला. "बाई, लोक मला गाडी पेट्रोल किती पिते ते विचारतात."

"पिऊ दे किती पिते ते. काचेचं सांगा."

"एका विटेने तडा जाईल. फुटणार नाही."

"आणि दुसऱ्या विटेने?"

"अगं, पुरे," मागून नवरा पुटपुटला. समोरच्या पडक्या दाताच्या खिंडीतून त्याचे शब्द हल्ली शिटीसारखे निघत.

"दारं आतून आपोआप बंद होतात ना? बाहेरून कुणाला ओढून उघडता येत नाही?"

"लहान मूल आहे का घरात?" विक्रेत्याने समजूतदार चेहरा करून विचारलं.

"आहे एक. सत्तेचाळीस वर्षांचं," ती म्हणाली आणि बोट दाखवावं तशी हनुवटी नवऱ्याकडे केली.

सिस्टर तिला सगळेच म्हणत. ऑपरेशन थिएटरमधली नर्स, नोकरी वीस वर्षांची, त्यातली अकरा या परमुलखात. नवरा चष्म्याच्या काचा नंबराप्रमाणे घासून देणाऱ्या कारखान्यात होता. ओळखीपाळखीचे त्याला काचवाला म्हणत. माणूस गाईसारखा गरीब. घरात झुरळ निघालं तर कागदावर घेऊन खिडकीतून खाली सोडणारा, आणि वर ते खाली नीट पोचलं का ते बघणारा. तिला स्वतःला गाडी येत नव्हती. थिएटरच्या टेबलावर इतके मोटारवाले चिरफाळलेले पाहिले होते, की स्टिअरिंगला हात लावायची वासनाच मेली होती. त्याच्याकडे मात्र परवाना होता. सहा वर्षं पाकिटात नुसता शोभेला.

आता ती गाडी का घेत होती, ते सांगायला हवं.

कारखान्यापासून बसच्या थांब्यापर्यंत आठ मिनिटांची वाट, शेवटी रेल्वेच्या पुलाखालून. लख्ख उजेडात, संध्याकाळी साडेपाचला, तिथे त्याला तिघांनी अडवलं. फोन मागितला, त्याने दिला. पाकीट मागितलं, तेही दिलं.

"सगळं दिलंत, मग मारलं का?" तिने त्याच्या भुवईतलं रक्त टिपता टिपता विचारलं होतं.

"मी सॉरी म्हणालो."

"तुम्ही? त्यांना?"

"तोंडातून निघालं गं. मग ते हसायला लागले. हसत हसतच मारलं."

पाच आठवड्यांनी त्यांच्यातला एक पुन्हा भेटला. या खेपेला एकटाच. त्याने काही मागितलंच नाही. काचवाल्याच्या नाकावरचा चष्मा दोन बोटांनी अलगद काढला, जमिनीवर ठेवला आणि टाचेखाली चिरडला. मग मारायला सुरुवात केली. खाली पडल्यावर बुटाने. दोन बरगड्या गेल्या, समोरचा दात गेला, आणि डाव्या कानात तेव्हापासून जी शिटी वाजू लागली ती थांबली नाही.

"एकटा होता?" पोलिसाने विचारलं. विचारण्यात वाईट काही नव्हतं, पण तो प्रश्न काचवाल्याच्या मनात कुसळासारखा घुसला. "चेहरा ओळखाल?"

"चष्मा होता तोवर मी मान वर केली नाही, आणि चष्म्याशिवाय मला चेहरे दिसत नाहीत. चाल दिसली, पहिल्या खेपेची तीच. उजवा पाय बाहेर फेकतो, आणि दर पावलाला खांदा उडवतो."

"चालीसाठी आमच्याकडे रकाना नाही," पोलीस म्हणाला.

ओठाचे टाके सिस्टरने स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसवून स्वतःच काढले. शेवटचा धागा ओढताना तो म्हणाला, "एक बुक्की तरी मारायला हवी होती मी."

"नाही मारलीत तेच बरं. त्याच्याकडे चाकू असता तर?"

त्याच आठवड्यात तिने ठरवलं की या माणसाला आता पायी जाऊ द्यायचं नाही. गाडी घ्यायची, कोरी, भक्कम, दारं आतून बंद होणारी. तिची नोकरी कायमची, म्हणून कागदपत्रं तिच्या नावावर झाली. चालवणारा तो.

फोनवर तिच्या दादाने थट्टा केली, "लग्नात सायकलसुद्धा मागितली नाही म्हणून आम्ही त्यांचं कौतुक करत होतो. आता व्याजासकट मोटार वसूल केली की!"

"तुमच्याकडून नाही ना केली? मग गप्प बस."

पहिले पंधरा दिवस घरात सण असल्यासारखे गेले. तो शीळ घालत अंघोळ करायचा. गाडीत बसला की पाठ ताठ व्हायची. एकदा सिग्नलला मागचा लॉरीवाला भोंगा वाजवू लागला, तर काचवाल्याने काच खाली करून अशी एक शिवी हासडली, की सिस्टर आधी दचकली आणि मग पोट धरून हसली. "नवऱ्याला कंठ फुटला रे," तिने दादाला कळवलं.

कंठ फुटला इतपत ठीक होतं. पण मग तो पुढच्या गाडीच्या शेपटीला चिकटवून चालवू लागला. रस्ता ओलांडणाऱ्या म्हाताऱ्याच्या अंगावर गाडी नेऊन वीतभर अंतरावर थांबवायची आणि त्याची धांदल बघायची. "गंमत," तो म्हणायचा. सिस्टरला त्यात गंमत दिसेना.

एका रविवारी सिग्नलपाशी एका सायकलवाल्याने, गाडी फार जवळून गेली म्हणून, टपावर हात आपटला. काचवाला सायकल दाराच्या बरोबरीने येईपर्यंत आरशात बघत थांबला आणि मग दोन्ही हातांनी दार बाहेर ढकललं. सायकलवाला तोंडावर पडला. उठून बसला तेव्हा हनुवटीवरून रक्ताची धार लागली होती आणि तो तळहातावर काहीतरी थुंकून बघत होता. दात.

"थांबवा! अहो, थांबवा गाडी!"

तो थांबला नाही. घरी येऊन तो दोन घास जास्त जेवला.

"गाडी विकून टाकू," ती ताट उचलताना म्हणाली.

"का?"

"त्या माणसाचे दात पडले."

"माझा पडला तेव्हा कुणी काय विकलं?"

"तुमचा त्याने पाडला होता का?"

"कुणीतरी पाडलाच ना." तो हसला. "गाडी तूच घेतलीस. आता तूच घाबरतेस?"

मार खाऊन दारात उभा राहिलेला नवरा तिने दोनदा पाहिला होता. त्याला धुवायचं, शिवायचं, झोपवायचं, ते सगळं तिला येत होतं. हा जो मारून येऊन जेवत होता, त्याचं काय करायचं ते तिला कुणी शिकवलं नव्हतं. आपला माणूस वाचवायला आपण गाडी आणली, आणि गाडीनेच त्याला नेलं की काय, असं तिच्या मनात आलं. मग वाटलं, आपलंच काही चुकत असेल. घाबरलेली माणसं कधीकधी अशी वागतात. आणखी आठ दिवस पाहू.

ते आठ दिवस पुरे झाले नाहीत. शनिवारी दुपारी तिची सकाळची पाळी संपली आणि तो तिला न्यायला आला. मोठ्या चौकात घराकडे वळायच्या ऐवजी गाडी उजवीकडे वळली. गोदामं, पत्र्याची कुंपणं, बंद शटरं.

"हा आपला रस्ता नाही."

"माहीत आहे."

"आज तुमच्या कारखान्याला सुट्टी आहे."

"माहीत आहे गं."

रेल्वेचा पूल दिसला तसा त्याने वेग कमी केला. एक फेरी झाली. पुलाखालून दुसरी. पत्र्याच्या टपरीतल्या चहावाल्याने गाडी बघून हात केला, रोजच्या गिऱ्हाइकाला करतात तसा. तेव्हा तिला कळलं. रोज संध्याकाळी हा पाऊण तास उशिरा येत होता आणि रहदारी, रहदारी म्हणत होता, ती रहदारी ही होती.

"किती दिवस येताय इथे?"

"तो बघ."

समोरून पदपथावरून एक माणूस चालला होता. तिशीचा, हातात दुधाची पिशवी. उजवा पाय बाहेर फेकत, दर पावलाला खांदा उडवत.

"अहो, अशी चाल शंभर जणांची असते."

"माझ्या कानातली शिटी शंभर जणांची नाही."

"तो नसला तर?"

"आणि असला तर?" त्याने विचारलं, आणि पाय दाबला.

तिने स्टिअरिंगला हात घातला. त्याने कोपराने तिला असं हाणलं, की तिचं डोकं काचेवर आपटलं. काच फुटली नाही. गाडीने पदपथाचा दगड चढला, पुढचा भाग उचलला गेला, आणि तो माणूस वळून बघतो न बघतो तोच त्याला घेऊन गाडी गोदामाच्या भिंतीवर आदळली.

हवेच्या पिशव्या फुटल्या. सगळीकडे पांढरी भुकटी. कानात भणभण. तिला दिसलं ते असं : नवऱ्याने गाडी मागे घेतली, तो माणूस भिंतीवरून घसरून खाली बसला, आणि नवरा दार उघडून त्याच्याकडे गेला. आणि लाथा घालू लागला. पोटात. छातीत. तोंडावर. दर लाथेला एक शब्द.

"काढ! माझा! चष्मा! काढ ना!"

त्या माणसाने हात आडवे घेतले होते. तो आईला हाका मारत होता. बाकी भाषा कोणतीही असो, त्या हाकेचा अर्थ लागायला काही अडत नाही.

सिस्टर कशी उतरली, तिला आठवत नाही. तिने नवऱ्याच्या कॉलरला धरून त्याला मागे खेचलं आणि खाली पाहिलं. डाव्या मांडीचं हाड बाहेर आलं होतं, आणि त्याच्या आतल्या बाजूने लालभडक रक्त उड्या मारत होतं. नुसतं वाहत नव्हतं. उड्या. ती उडी तिच्या ओळखीची होती. चार मिनिटं, फार तर पाच.

ती गुडघ्यांवर पडली आणि मूठ करून त्याच्या जांघेत सगळ्या अंगाचा भार टाकला. उड्या मंदावल्या.

"चल," नवरा धापा टाकत म्हणाला. "कुणी पाहिलं नाही. चल लवकर."

"फोन गाडीत आहे. तो द्या."

"मरू दे त्याला!"

"मी हात काढला की मरेल. मी काढणार नाही."

"अगं, याने माझं..."

"याने काय केलं ते मीच शिवलंय." तिने मान वर केली नाही. "तुम्हाला जायचं तर जा. गाडी घेऊन जा. पण मग घरी येऊ नका."

पावलं लांब गेली. दार लागलं. इंजिन सुरू झालं. सिस्टरने वळून पाहिलं नाही. मुठीखालची नाडी तिला मोजता येत होती. एकटीने हे फार वेळ जमणार नाही, तेही तिला ठाऊक होतं. इंजिन गुरगुरत राहिलं. बराच वेळ राहिलं, किंवा तिला तसं वाटलं असेल. मग ते बंद झालं.

तो आला, हातात तिचा फोन, आणि नुसता उभा राहिला.

"इकडे ये," ती म्हणाली. एकोणीस वर्षांत ती त्याच्याशी अशी कधी बोलली नव्हती. थिएटरमध्ये नवशिक्यांशी बोलायची तशी. "बस खाली. मूठ कर. इथे. माझा हात निघाला की तुझा बसला पाहिजे, मध्ये जागा राहता कामा नये. दाब. कोपर सरळ. सगळं वजन घाल!"

त्याचा हात बसला. रक्त एकदा उसळलं, त्याच्या शर्टाच्या बाहीवर, गळ्यावर उडालं, आणि दबलं. तिने जखमी माणसाच्या कमरेचा पट्टा ओढून काढला, मांडीला वर बांधला, आवळला, आणखी आवळला. तो माणूस किंचाळला. मग तिने फोन उचलला.

"रुग्णवाहिका हवी. रेल्वे पुलापलीकडे, गोदामांच्या रस्त्यावर. मांडीची मोठी रक्तवाहिनी फाटली आहे."

"अपघात का?" पलीकडच्या बाईने विचारलं.

सिस्टरने नवऱ्याकडे पाहिलं. तो तिच्याकडे बघत होता. चष्म्यावर रक्ताचे थेंब, तोंड उघडं.

"नाही," ती म्हणाली. "गाडी अंगावर घातली."

"कुणी?"

"माझ्या नवऱ्याने. तो इथेच आहे. पोलीसही पाठवा."

त्याची मूठ होती तिथेच राहिली.

किंचाळण्याने असेल किंवा पट्ट्याने असेल, जखमी माणूस पुरता शुद्धीवर आला. डोळे फिरवत त्याने आपल्यावर वाकलेला चेहरा पाहिला, आणि ओळखला.

"चष्मेवाला," तो म्हणाला. "तू... तो चष्मेवाला."

आणि त्याने पहिला ठोसा मारला. ताकद फार नव्हती, पण चष्मा उडून डांबरावर गेला. दुसरा नाकावर बसला. काचवाल्याची मान मागे गेली, नाकातून रक्त सुटलं, आणि सगळं अंग उठायला आलं.

"हात काढायचा नाही!" सिस्टर ओरडली.

"मारतोय गं तो मला."

"मारू दे. तुझा हात सुटला तर तो संपला."

तिसरा ठोसा ओठावर. चौथा त्याच डाव्या कानावर. त्या माणसाचे डोळे पांढरे होत होते, तरी मूठ उठत होती, पडत होती. काचवाला ओणवा, कोपर ताठ, मूठ त्याच्या जांघेत रुतवून बसला होता. चुकवायला मानसुद्धा वळवत नव्हता. लांबून रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू आला. अजून बराच लांब होता. काचवाल्याचे खांदे गदगदू लागले.

तिने वाकून त्याच्या मुठीखाली बोट घालून पाहिलं. कडेने रक्त पुन्हा झिरपू लागलं होतं.

"रडू नकोस," ती म्हणाली. "हात हलतोय."