इनायातच्या टोकाचा शिकंजा

ज्या दिवशी इनायात गेली, त्या दिवशी मी तिच्याच मुलीच्या कपाटाचे दार आवळून धरले होते.

सकाळी तिनेच माझी मूठ फिरवली होती. मग हात पुसत ती वर घरात स्वयंपाकाला गेली. दुपारच्या सुमारास जिन्यावर अनवाणी पावले वाजली आणि तहानी, तिची मुलगी, खाली आली. तिची बोटे मुलुखिया या पालेभाजीची पाने चिरून हिरवी झाली होती. दारात उभी राहून ती म्हणाली, "बाबा, वर या. आई उठत नाहीये."

तिचे वडील, सुतार उस्ता बदीर यांनी हातातला कुंचला सरसाच्या भांड्यात टाकला आणि ते वर गेले. भांडे मंद आचेवर तसेच राहिले. त्यातले पाणी आटले, सरस करपला आणि त्याचा वास कारखानाभर पसरला. मग वरून बायकांच्या रडण्याचा आवाज आला. कुणीतरी शेजारी आत येऊन आच विझवून गेला. आम्हाला कुणी सैल केले नाही.

मित्रांनो, मी एक जुना शिकंजा आहे. तुमच्याकडचे सुतार मला क्लॅम्प म्हणतात. माझे अंग म्हणजे पोलादाची एक लांब पट्टी. तिच्यावर दोन जबडे. एक जागेवर घट्ट, दुसरा मागेपुढे सरकणारा. मागे लाकडी मूठ आहे. ती फिरवली की जबडे जवळ येतात आणि मधले लाकूड दाबून धरतात. साध्या शिकंज्याचे जबडे जोर लागला की टोकाला फाकतात. मग लाकूड एका कडेला जास्त दाबले जाते आणि चौकट उचलते. माझे जबडे कितीही आवळा, एकमेकांसमोर सरळच राहतात. माझ्यात एवढाच गुण आहे.

माझा जन्म दूरच्या थंड मुलखातल्या एका कारखान्यात झाला. तिथून मी आणि माझा जोडीदार एकाच खोक्यातून जहाजाने दुम्यात बंदराला आलो. इनायातचा भाऊ बोटीवर कामाला होता. बहिणीच्या लग्नात त्याने आम्हाला भेट म्हणून आणले. लग्नाचे सामान मांडले तेव्हा तांब्याच्या पातेल्यांशेजारी आम्हाला पाहून वऱ्हाडातल्या बायका हसल्या. नवरी भांड्यांऐवजी लोखंड घेऊन आली, असे त्या म्हणाल्या. इनायातने उत्तर दिले की भांडी मला रोज घासावी लागतील, हे निदान नवरा पुसेल. मी तिला 'त्या' न म्हणता 'ती' म्हणतो ते याचसाठी. आम्ही एकाच दिवशी या घरात आलो.

आमची गल्ली सुतारांची. खाली कारखाना आणि वर घर, अशीच सगळ्यांची रीत. करवतीचा आवाज थांबला तर वरची तान्ही मुले झोपेतून जागी होतात, इतकी या आवाजाची इथे सवय आहे. उस्ता बदीर झानच्या लाकडाची कपाटे करत. ते तांबूस, कठीण लाकूड असते. आता बहुतेक सुतार डब्यातला पांढरा गोंद वापरतात. उस्तांनी मात्र जनावराच्या कातड्याचा जुना सरस सोडला नाही. तो गरम करून लावावा लागतो. ते म्हणत की पांढऱ्या गोंदाने जोडलेले मोडल्याशिवाय सुटत नाही. सरसाला मात्र वाफ दिली की सांधा सुटतो. नातवंडांच्या काळात एखादी फळी बदलायची झाली तर बदलता येते.

पण सरसाचा एक स्वभाव आहे. तो गार झाला की लगेच घट्ट होतो. दाराच्या चौकटीला वरून आणि खालून असे दोन शिकंजे लागतात, आणि दोन्ही एकाच वेळी आवळावे लागतात. एका टोकाला आवळून माणूस दुसऱ्या टोकाला जाईपर्यंत तिकडचा सरस आळतो. मग तो सांधा पूर्ण बसत नाही. दार एका बाजूला रुंद राहते.

म्हणून सरस लावून झाला की उस्ता जिन्याकडे तोंड करून हाक मारत. इनायात चुलीवरचे उतरवून खाली येई. वरच्या टोकाला माझ्या जोडीदाराजवळ ते, खालच्या टोकाला माझ्याजवळ ती. बोलणे नसे. ते अर्धा फेरा देत, ती अर्धा फेरा देई. तिचा हात ओला असे, कधी कांद्याचा वास येई, कधी कणकेचा. पण तो हात कधी जास्त झाला नाही आणि कमीही पडला नाही. गल्लीतले लोक उस्तांची दारे बघायला येत. काटकोन तपासायचा लाकडी गुण्या कोपऱ्याला लावून बघत आणि कौतुकाने मान हलवत. उस्ता म्हणत, शिकंजे चांगले आहेत. इनायात हात पुसत वर जाई.

तहानी तेव्हा लहान होती. ती बाकाखाली भुशात बसून हे सगळे बघत असे.

इनायातच्या चाळिसाव्या दिवसाचे विधी झाले आणि उस्तांनी कारखाना उघडला. तहानीचे लग्न मोठ्या ईदनंतरच्या गुरुवारी ठरलेले होते. ती पुढे ढकलू म्हणत होती. पण मावशीने सांगितले की बहिणीची इच्छा होती, तारीख हलवू नका. वाजंत्री नको, पण सामान वेळेवर जाऊ दे. आमच्याकडे सुताराच्या मुलीचे कपाट दुसऱ्याच्या कारखान्यातून जात नाही. गेले तर बापाचा हात थकला असे लोक समजतात. कपाटाचे एक दार आमच्या जबड्यात होते. दुसरे व्हायचे होते.

उस्ता आमच्यासमोर उभे राहिले. त्यांनी माझ्या मुठीवर हात ठेवला. मूठ फिरवली असती तर मी मोकळा झालो असतो. दार केव्हाच वाळले होते. पण त्यांनी हात काढून घेतला, टोपी घातली आणि बाजारात गेले.

ते आणखी शिकंजे घेऊन आले.

पहिली जोडी नळीची होती. साध्या लोखंडी नळीवर जबडे बसवलेले. ताकद दांडगी, पण आवळले की जबडे खाली झुकत. दुसरी जोडी ॲल्युमिनियमची, एका हाताने उचलावी इतकी हलकी. ती दिसायला सुरेख होती, पण जोर लागला की तिची पट्टी धनुष्यासारखी वाके. तिसरी जोडी आमच्याच जातीची होती, नवीन, जाड जबड्यांची, मुठीवर रबर. उस्तांनी सगळ्यांची परीक्षा घेतली. जबड्यात वरच्या आणि खालच्या टोकाला सिगारेटच्या कागदाची पट्टी ठेवायची, आवळायचे आणि ओढून बघायचे. नळीवाल्याच्या टोकाची पट्टी अलगद निघाली. हलक्याचीही निघाली. नव्या जोडीच्या पट्ट्या फाटल्या, पण निघाल्या नाहीत. मित्रांनो, मी म्हातारा असलो तरी खोटे बोलणार नाही. ती जोडी आमच्याइतकीच सरळ होती, आणि तिची पकड आमच्याहून बरी होती.

उस्तांनी त्या नव्या जोडीवर दुसरे दार चिकटवले. वरचे टोक आवळले, धावत खालच्या टोकाला गेले, ते आवळले. सकाळी गुण्या लावला तर दार खालून रुंद. त्यांनी वाफ देऊन सांधे सोडवले, सगळे पुसून काढले आणि शिकंजे परत केले. दुसऱ्या दुकानातून आणखी एक जोडी आणली. पुन्हा तेच झाले. या वेळी ते खालच्या टोकाला आधी गेले होते, म्हणून दार वरून रुंद झाले.

समोर पॉलिशचे काम करणारे मुतवल्ली आहेत. सगळी गल्ली त्यांना अम्म, म्हणजे काका म्हणते. ते रोज चहाचा पेला घेऊन दारात येत. एक दिवस ते म्हणाले, "बदीर, तू शिकंजे घ्यायला जातोस की मुलगी बघायला? हा काळा, हा बारीक, याचं तोंड वाकडं. अरे बाबा, एक तरी पसंत कर."

उस्ता हसले नाहीत. मग अम्म मुतवल्लींनी पेला खाली ठेवला, बाही वर केली आणि ते बाकाच्या खालच्या टोकाशी जाऊन उभे राहिले. मी धरतो, तू सरस लाव, असे म्हणाले.

"तिथून बाजूला व्हा, अम्म," उस्ता म्हणाले.

एवढेच. आवाज चढला नव्हता. पण अम्म मुतवल्ली बाजूला झाले, आणि त्यानंतर बरेच दिवस चहा घेऊन आले नाहीत.

ईद जवळ आली. तहानीच्या होणाऱ्या सासूबाई हाज्जा सनिय्या भेटायला आल्या. बाई चांगल्या मनाच्या. जाताना त्यांनी हळूच सांगितले की घाई करू नका, आमच्या ओळखीच्या दुकानात तयार कपाट आहे, गुरुवारी ते नेऊ, लोकांना काय कळणार. उस्तांनी मान डोलावली. त्या गेल्यावर ते बराच वेळ बाकाला हात टेकून उभे होते. मला तेव्हा वाटले, आता हे दुसरे दार होत नाही.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा शिकंजे घेऊन आले. तहानी जिन्यात बसली होती. तिने सगळे पाहिले. कागदाच्या पट्ट्या पाहिल्या, गुण्या पाहिला, सरस उकळताना पाहिला. बापाला एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे धावताना पाहिले, घाईत त्यांचा गुडघा बाकाच्या पायावर आपटला तेही पाहिले. मग ती उठून खाली आली.

"बाबा, सगळे शिकंजे चांगले आहेत," ती म्हणाली. "आणखी किती आणणार? दोन्ही टोकांना तुम्ही एकटेच आहात."

उस्ता मूठ धरून वाकलेले होते. ते तसेच राहिले.

"ती तुझ्या आईची जागा आहे," ते म्हणाले.

"माहीत आहे मला. माझंच कपाट आहे ना? मग तिथे मी उभी राहते." मग ती म्हणाली, "अम्म मुतवल्लींना राहू दिलं असतं तर त्यांनी एका हातानं आवळलं असतं आणि दुसऱ्या हातानं चहा प्यायला असता. तुम्ही हाकललंत ते बरंच केलंत."

उस्ता खाली बसले, भुशातच. त्यांनी डोळे पुसले. डोळ्यांभोवती भुसा चिकटला. तहानी पुढे झाली. उस्तांनी आणलेले सगळे शिकंजे तिने उचलले आणि भिंतीशी ठेवले. मग ती आमच्यापाशी येऊन थांबली आणि वाट बघत राहिली.

शेवटी उस्ता उठले. त्यांनी माझी मूठ धरली आणि उलटी फिरवली.

मी सहज सुटलो नाही. त्या दिवशी सांध्यातून बाहेर आलेला सरस कुणी पुसला नव्हता. तो माझ्या जबड्यावर वाळून दगडासारखा झाला होता. ओढले असते तर लाकडाचा पापुद्रा निघाला असता. उस्तांनी गरम पाण्यात फडके बुडवले आणि जबड्यावर धरले. निवले की पुन्हा बुडवले. सरस हळूहळू मऊ झाला आणि मी बाजूला आलो. दारावर माझ्या जबड्याची फिकट खूण राहिली. उस्तांनी तिच्यावर अंगठा फिरवला. रंधा मारला असता तर ती खूण गेली असती. त्यांनी रंधा मारला नाही.

मग त्यांनी गुण्या लावला. इनायातने आवळलेले दार चारही कोपऱ्यांना सरळ होते.

दुसऱ्या दाराला सरस लागला. वरच्या टोकाला उस्ता, खालच्या टोकाला तहानी. तिचा हात कोरडा होता आणि त्याला कसलाच वास नव्हता. पहिल्याच फेऱ्याला तिने मला एवढ्या जोराने आवळले की माझी पट्टी कुरकुरली.

"अगं, सावकाश," उस्ता म्हणाले. "नवऱ्याचा कान नाहीये तो."

तहानी हसली आणि हसता हसता तिचा तोल गेला. तिने बाकाला धरले, पुन्हा माझी मूठ पकडली आणि बापाच्या हाताकडे बघत अर्धा फेरा दिला. त्यांनी अर्धा दिला. तिने अर्धा दिला. चारही सांध्यांतून सरसाचे थेंब सारख्याच वेळी बाहेर आले. उस्तांनी ओले फडके तिच्याकडे टाकले आणि माझे जबडे आत्ताच पूस म्हणून सांगितले. तिने पुसले. कोपरेसुद्धा सोडले नाहीत.

तिचा हात तिच्या आईसारखा नाही, मित्रांनो. ती थोडी जास्त आवळते आणि मग थोडे सोडते. पण सकाळी गुण्या बसला. उस्तांनी तो काढला, पुन्हा लावला आणि मग समोरच्या दुकानाकडे तोंड करून अम्म मुतवल्लींना हाक मारली. चहा घेऊन या म्हणाले, आणि पॉलिशही आणा. अम्म मुतवल्ली चहा न घेताच धावत आले.

तुमच्या घरी माझ्यासारखे एखादे अवजार असेल तर त्याला कामानंतर पुसा. सरस ओला असतो तोवरच निघतो. काम झाले की मूठ सैल करा. आवळलेले अवजार तसेच ठेवले की त्याचे आटे घट्ट होतात आणि मग ते पुढच्या कामाला हात देत नाही. आणि ते वापरताना दुसऱ्या टोकाला कोण उभे आहे, तेही बघत जा. आमच्या घरात चांगल्या दारांचे कौतुक व्हायचे ते शिकंज्यांचे. मला ते आवडायचे. पण ते सगळे कौतुक माझे नव्हते, हे मी तुम्हाला सांगायलाच हवे.

कपाट गुरुवारी गेले. वाजंत्री नव्हती. हातगाडीवर दोरीने बांधून नेले. गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत उस्ता एका बाजूने हात लावून चालले. दुसऱ्या बाजूने अम्म मुतवल्ली होते, ओल्या पॉलिशला कुणी बोट लावू नये म्हणून ओरडत.

आता मी भिंतीवर खिळ्याला टांगलेला आहे, माझ्या जोडीदाराशेजारी. बाकावर पुढच्या गिऱ्हाइकाच्या कपाटाचे लाकूड येऊन पडले आहे. उस्तांनी ते कापले आहे, रंधून ठेवले आहे, खाचा आणि त्यांत बसणारे कुसू करून सरसाशिवाय सुके जोडूनही पाहिले आहे. सरस मात्र अजून गरम केलेला नाही. तहानी सासरी गेल्यावर खालच्या टोकाला कोण उभे राहणार, हे त्यांनी अजून ठरवलेले नाही.