करडा रकाना

मित्रांनो, मी एका दवाखान्याच्या संगणकातला जुना रकाना आहे. 'कोणतं औषध चालत नाही?' हा प्रश्न माझ्या डोक्यावर लिहिलेला असतो. दिसायला मी बोटभर, पण माझ्यातल्या एका शब्दावर माणसाचा जीव अवलंबून असतो. तेव्हा थोडा तोरा मिरवला तर चालवून घ्या.

मला घडवणाऱ्या प्रोग्रॅमरबाई भारी काटेकोर. मी रिकामा असलो की फॉर्म सेव्हच होत नसे. काउंटरवरच्या ताई कुरकुरत, पण निदान 'काही नाही' एवढं तरी लिहीत.

एकदा घाईत कुणाचं तरी बोट लागून माझ्यातलं औषधाचं नाव बिघडलं. तेव्हा बाईंनी ठरवलं, एकदा भरला की रकाना बंद. मी करडा झालो. अक्षरं दिसत, पण कुणाला हात लावता येत नसे. मला वाटलं, चला, सुखाची पेन्शन मिळाली. पण झालं भलतंच. सेव्ह केलं की बाकीचे रकाने आपापला मजकूर घेऊन निघत, आणि मी तिथेच. बंद रकान्याला ब्राउझर सोबत नेत नाही, तपासतही नाही. पलीकडे नोंदी सांभाळणाऱ्या सर्व्हरला वाटे, हा रिकामाच आला. तो जुनी नोंद पुसून टाके.

एके दिवशी एक आजोबा सुनेबरोबर आले. ताईंनी त्यांचा नवा फोन नंबर टाकला आणि सेव्ह केलं. माझ्यातलं 'पेनिसिलिन' गेलं. मी काय करणार, मला कुठे तोंड आहे? आत डॉक्टरांच्या पडद्यावर मी कोराच उमटलो. त्यांनी इंजेक्शन भरायला घेतलं.

"डॉक्टर, बाबांना पेनिसिलिन चालत नाही. मागे काउंटरवर सांगितलं होतं मी," सून म्हणाली.

"इथे तर काहीच नाही."

"नसेल. पण मी सांगतेय ना."

डॉक्टरांनी सुई खाली ठेवली. माझ्या जिवात जीव आला.

ताईंनी कळवताच प्रोग्रॅमरबाई धावत आल्या. "कुणी बदलू नये एवढंच पाहिलं मी. तो पोचतोय का, हे पाहिलंच नाही," असं ताईंना म्हणाल्या आणि कामाला लागल्या. आता मी फक्त वाचण्यापुरता आहे. मला बदलता येत नाही, पण सेव्ह करताना मीही सगळ्यांबरोबर जातो. रकाना आलाच नाही तर जुनं पुसायचं नाही, अशी तंबी सर्व्हरलाही मिळाली आहे. पुसलेले शब्दही बाईंनी जुन्या प्रतींतून शोधून परत भरले.

परवा आजोबा पुन्हा आले. ताईंनी विचारलं, "आजोबा, कोणतं औषध चालत नाही?"

"लिहिलंय ना तुमच्याकडे?"

"लिहिलंय. तरी सांगा."

मित्रांनो, जपायचं म्हणून कुणाला बाजूला बसवलंत, तर निघताना त्यालाही हाक मारा. तो आपणहून उठून येऊ शकत नाही.