काठोकाठ भरलेला कप

पेंटरची बायको रोज सकाळी नवऱ्याचा कप मुद्दाम काठोकाठ भरायची. चहा सांडलात तर फरशी तुम्हीच पुसायची, असं वर चिडवायचीही. थट्टेआड तिचा जीव मात्र टांगणीला लागलेला असे. नशेच्या पावडरीच्या व्यसनात त्याचा हात असा थरथरायचा की दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरं वाकडी यायची. त्यातून तो मोठ्या जिकिरीनं बाहेर पडला होता. आता चहाचा थेंबही सांडत नव्हता आणि रेघ पुन्हा सरळ येत होती.

अशाच एका सकाळी तिचा थोरला भाऊ आला. तो अमली पदार्थविरोधी पथकात फौजदार होता. पेंटरला दवाखान्यात भरती त्यानंच केलं होतं, त्यामुळे या घरात त्याचा शब्द कुणी खाली पडू देत नसे. बाजारामागच्या विक्रेत्याला पकडायचं होतं आणि तो जुन्या गिऱ्हाइकाशिवाय कुणालाच आत घेत नव्हता. भावोजींनी फक्त माल विकत घ्यायचा, बाकी पथक बघून घेईल, असं भाऊ म्हणाला. पेंटर नको नको म्हणत होता. बायकोनंच त्याची समजूत घातली. दादा पाठीशी असताना भ्यायचं कशाला, असं तिला वाटलं.

पण तो विक्रेता माल बाहेर नेऊच देत नसे. पोलिसांचा माणूस ओळखायची त्याची रीत होती ती. ओढायचं ते त्याच्यासमोर बसून ओढायचं. पेंटरला सुटका उरली नाही.

छापा यशस्वी झाला, पथकाचा सत्कार झाला. विक्रेत्यानं दुसऱ्या टोळीतली नावं सांगितली आणि पथकाचा खबऱ्या होऊन तो पुन्हा त्याच गल्लीत धंद्याला बसला. विष हटवायला नेमलेली माणसंच विषाच्या दुकानाची राखण करू लागली, आणि कुणाला त्याची लाज वाटली नाही. इकडे पेंटरच्या घरची फरशी रोज ओली होऊ लागली.

काही आठवड्यांनी भाऊ परत आला. बहिणीनं त्याला चहा दिला, काठोकाठ भरून. पेंटर आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"अजून एका ठिकाणी जायचंय," भाऊ हळू आवाजात म्हणाला. "भावोजी आता पुन्हा त्यातलेच झालेत. कुणाला संशय येणार नाही."

तिनं आतल्या खोलीकडे पाहिलं आणि विचारलं,

"समोर बसून ओढावं लागतं, हे तुला ठाऊक होतं?"

"सांगितलं असतं तर ते गेले नसते."

"मी पाठवलं त्यांना, दादा. तुझ्या भरवशावर."

तिला रडू आलं नाही, संताप आला. आत जाऊन तिनं नवऱ्याला उठवलं, त्याच्या पायात चपला घातल्या आणि त्याला दंडाला धरून बाहेर आणलं.

"यांना दवाखान्यात या वेळी मी नेते," ती भावाला म्हणाली. "तिथून वकिलाकडे जाणार आहे. तू काय केलंस ते कोर्टात सांगणार आहे, तुझं नाव घेऊन."

 भावाच्या हातातल्या कपातला एक थेंबही सांडला नव्हता.