पडदा नावाच्या ब्राउझरची चहाडी

मित्रांनो, मी एक जुना ब्राउझर आहे आणि माझ्या हातून एक चहाडी झाली आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे माझा मोठेपणा ऐकताना तुम्ही फसणार नाही.

ब्राउझर म्हणजे इंटरनेटवर जायचं दार. बहुतेक जण बड्या कंपन्यांचं दार वापरतात. ते फुकट मिळतं, झकास चालतं आणि तुम्ही कुठे गेलात, काय शोधलंत, कुठे रेंगाळलात, ते सगळं टिपून ठेवतं. त्यावरून मग तुम्हाला जाहिराती दाखवल्या जातात. मी तसा नव्हतो. निदान मला तसं वाटत होतं.

माझा जन्म एका शिवणकामाच्या दुकानावरच्या माळ्यावर झाला. खाली मावशी कपडे शिवायची, वर तिची भाची आणि भाचीचा मित्र मला घडवायचे. दुकानाच्या कोपऱ्यात माप घेण्यासाठी निळा पडदा होता. आत घेतलेलं माप मावशी कधी मोठ्यानं उच्चारत नसे. वहीत लिहायची आणि वही मिटायची. एकदा एका गिऱ्हाइकानं शेजारणीच्या कमरेचं माप हसत हसत विचारलं, तर मावशीनं त्या गिऱ्हाइकाचंच कापड त्याच्या हातात परत ठेवलं. "ज्याचं माप, त्यानं सांगायचं," एवढंच म्हणाली. भाचीनं माझं नाव पडदा ठेवलं ते त्यावरूनच.

मला अगदी पहिल्या टाक्यापासून कुणी शिवलेलं नाही. तेवढी माणसं आणि तेवढी वर्षं त्या दोघांनी आणायची कुठून? एका बड्या कंपनीनं आपल्या ब्राउझरचा गाभा सर्वांसाठी खुला ठेवला होता. तो घ्यायचा आणि त्यातल्या चहाडखोर जागा एकेक करून उसवायच्या. मित्र या कामात इतका तरबेज, की मावशीनं त्याचं नाव कात्री ठेवलं. कंपनीनं गाभा बदलला की यांचं उसवणं पुन्हा पहिल्यापासून. सहा वर्षं दोघांनी हे केलं आणि चौदा हजार माणसं मला वापरू लागली. एका बातमीदार बाईंनी लिहिलं, 'याच्या पोटात गोष्ट राहते.' मी फुगून टम्म झालो होतो.

पुढे मावशीची बोटं आखडू लागली. टाइप करताना तिची दमछाक व्हायची.

"दोन अक्षरं लिहिली की पुढचे शब्द सुचतात ना, ती सोय राहू दे," भाची कात्रीला म्हणाली. "मावशीला बरं पडेल."

"राहू दे की. पण ते शब्द येतात कुठून, ते बघायला हवं."

"बघू पुढच्या महिन्यात."

कामाच्या रगाड्यात दोघंही ते विसरून गेले, ते दोन वर्षं. मला तर त्या सोयीचा अभिमानच होता!

एका दुपारी दुकान बंद करून मावशी माझ्यासमोर बसली. बसण्याआधी तिनं भाचीला विचारलं होतं, "यात लिहिलेलं कुणाला कळत नाही ना गं?"

"कुण्णाला नाही, मावशी. मलासुद्धा नाही."

मावशीनं एकेक अक्षर शोधत 'गाठ' लिहिलं. तिच्या छातीत एक गाठ होती. दुखत नव्हती, आणि तिनं घरात कुणालाच सांगितली नव्हती. मी भराभर पुढचे शब्द सुचवत गेलो. तिला मदत होते आहे म्हणून मी खूश होतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी मावशीचे यजमान, म्हणजे काका, चहा पिताना त्यांच्या टॅबलेटवर बातम्या वाचत होते. त्याच टेबलावरच्या लॅपटॉपमध्ये मी उघडा होतो.

"हे काय लचांड आहे?" काका म्हणाले. "कालपासून जिथे बघावं तिथे छातीतल्या गाठीच्या जाहिराती! घरात कुणी शोधलंय की काय असलं?"

त्यांनी हसतच विचारलं होतं. मावशीच्या हातातला कप बशीवर वाजला. काकांचं हसू तिथेच मावळलं.

भाची मला उचलून माळ्यावर घेऊन गेली. लॅपटॉपमधून बाहेर काय जातं ते दाखवणारी खिडकी तिनं माझ्या शेजारी उघडली. माझ्यात एक अक्षर लिहिलं. शेजारी एक ओळ उमटली. दुसरं अक्षर, दुसरी ओळ. प्रत्येक ओळ त्याच बड्या कंपनीकडे जात होती. घरातलं इंटरनेट एकच, म्हणून त्या जाहिराती काकांच्या टॅबलेटवर आल्या होत्या. भाचीनं विस्तवाला लागल्यासारखा हात मागे घेतला.

"ही जागा उसवायचीच राहिली," कात्री म्हणाला.

मित्रांनो, पायाखालची जमीन सरकली म्हणावं, तर मला पाय नाहीत. पण मी हादरलो. चौदा हजार माणसांचं अक्षर न् अक्षर मी दोन वर्षं बाहेर पोचवत होतो! चोर घरातच राहत होता आणि मी ऐटीत दारावर पहारा देत होतो.

"गुपचूप काढून टाकू," कात्री म्हणाला. "कुणाला पत्ता लागणार नाही."

"मावशीचं गुपित फुटलं ना! तशी बाकीच्यांचीही फुटली असतील, त्यांना कळायलाच हवं!" भाची ओरडली.

त्याच दिवशी ती सोय गेली. माझ्या पहिल्याच पानावर भाचीनं काय झालं, कधीपासून आणि कुणाच्या चुकीनं, ते सगळं लिहिलं. आठवडाभरात नऊ हजार माणसं मला सोडून गेली. बातमीदार बाईंनी पुन्हा लिहिलं. काय लिहिलं, ते मी सांगत नाही.

मावशीची गाठ वेळेत निघाली. ती दवाखान्यातून घरी आली तेव्हा काका म्हणाले, "बरं झालं या पडद्यानं चहाडी केली! नाहीतर तू कधी सांगितलं असतंस?"

खरं सांगतो, मी सुखावलो. वाटलं, सुटलो एकदाचा. भाचीसुद्धा कितीतरी दिवसांनी हसली.

मावशी हसली नाही.

"जीव वाचला, ते खरं," ती म्हणाली. "पण रविवारी मीच सांगणार होते. तुमच्या शेजारी बसून, माझ्या तोंडानं. शब्दसुद्धा जुळवून ठेवले होते. ते कुणीतरी माझ्याकडून हिसकावून घेतलं, आणि तुम्ही म्हणता बरं झालं?"

मला तर पहिल्यापेक्षा मोठा धक्का बसला, कारण क्षणभर मीही मनात 'बरं झालं' असंच म्हणालो होतो.

मित्रांनो, माझ्यासारख्याच्या नुसत्या नावावर जाऊ नका. बाहेर काय जातं, ते दाखवायला लावा. आणि आम्हाला घडवणारी माणसं थोडी असतात, थकतात, विसरतात. त्यांच्याही चुका वेळेवर दाखवून द्या.

काल मावशी पुन्हा माझ्यासमोर बसली. "आधी ती खिडकी उघड," तिनं भाचीला सांगितलं. मग आखडलेल्या बोटांनी ती परगावच्या भावाला पत्र लिहू लागली. 'दादा, मला गाठ झाली होती.' मी एकही शब्द सुचवला नाही. अर्धा तास लागला. शेजारची खिडकी तोवर कोरीच होती. शेवटी मावशीनं चष्मा पुसला, पत्र पुन्हा वाचलं आणि स्वतःच्या बोटानं पाठवायचं बटण दाबलं. तेव्हा कुठे तिथे एक ओळ उमटली.